फुकट कोण शिकतो?

गेल्या डिसेंबरात अलिबागेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका निबंधस्पर्धेचे परीक्षण करण्याचे काम माझ्याकडे आले. विषय होता ‘मी आणि माझे महाविद्यालय’. अशा विषयावर मुले काय लिहितात, हे तीन तपे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला निबंध उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. ग्रंथालयाचे ऋण, गुरुजनांचे ऋण, स्नेहसंमेलनाच्या आठवणी आणि शेवटी भावी जीवनाची शिदोरी! त्याच ढिगात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीचा चार पानी निबंध होता. आम्ही तिघा परीक्षकांनी त्याला उत्तेजनार्थसुद्धा बक्षीस दिले नाही. कारण भाषेसाठी राखून ठेवलेल्या तीस गुणांत तो पार मागे पडला. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या आणि वाडीवरच्या बोलीतील रूपे जागोजाग आली होती. गुणपत्रकावर मीही सही केली. घरी आल्यावर मात्र त्या निबंधाने माझी पाठ सोडली नाही. त्या चुकीची थोडीफार भरपाई व्हावी म्हणून तिने उपस्थित केलेला प्रश्न या पृष्ठावर मांडीत आहे. तिचे नाव अर्थातच देत नाही.

मुलगी कातकरी समाजातील. आडनाव पवार. हे आडनाव मराठ्यांत आहे, बौद्धांत आहे आणि कातकऱ्यांतही आहे. त्यामुळे पहिला महिनाभर वर्गातील मैत्रिणींनी तिची जात विचारली नाही आणि डबा वाटून खाल्ला. पुढे एके दिवशी तास चालू असताना शिपाई कागद घेऊन आला आणि ‘एसटीच्या मुलांनी कार्यालयात भेटावे’ असे प्राध्यापकांनी वाचून दाखवले. ही मुलगी रोज एसटीनेच येत होती. घरी तिने ‘आदिवासी’ हा शब्द ऐकलेला. दाखल्यावरची इंग्रजी आद्याक्षरे तिच्या कानावर कधी पडली नव्हती. तेव्हा प्रवासाच्या पासाचे काही काम असेल अशा समजुतीने ती उत्साहाने उठून उभी राहिली. वर्गातील निम्मे विद्यार्थी एसटीने येणारे. पण उभी राहिली ती एकटी. तेव्हा प्राध्यापकांनी खुलासा केला, की एसटी म्हणजे अनुसूचित जमाती, आणि ती उभी राहिली हे बरोबरच झाले. वर्ग हसला. हसणाऱ्यांचा आपल्याला राग आला नाही, कारण विनोद खरोखरच झाला होता, असे तिने लिहिले आहे. परंतु त्या दिवसापासून महाविद्यालयात तिला तीन नावे झाली. एक हजेरीपटावरचे, दुसरे कार्यालयाच्या खिडकीवरचे आणि तिसरे मैत्रिणींच्या तोंडी आलेले, ‘फ्रीवाली’.

निबंधाच्या शेवटी तिने कोणाविरुद्ध तक्रार केलेली नाही. तिने एवढेच विचारले आहे, की आपण फुकट शिकतो तर आपले पैसे नेमके कोण भरतो, आणि त्याची परतफेड कशी करावयाची असते? ज्या मुलीला हा प्रश्न पडतो तिला बुद्धी कमी आहे असे कोण म्हणेल? अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने तरी या प्रश्नाचे उत्तर दिलेच पाहिजे.

पण उत्तर देण्यापूर्वी एक कबुली देणे भाग आहे. वर्गात असे कागद मी स्वतः वर्षानुवर्षे वाचलेले आहेत. ‘बी.सी. विद्यार्थ्यांनी तास संपल्यावर थांबावे’ हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. हेतू वाईट नव्हता; अर्ज वेळेवर जावा, मुलांना त्यांचे पैसे मिळावेत, एवढाच होता. १९९० नंतरच्या काळात माझ्या वर्गातील एक हुशार विद्यार्थी दुसऱ्या सत्रात येईनासा झाला. पुष्कळ वर्षांनी तो बसस्थानकावर भेटला. ‘सर, अभ्यास जड नव्हता, पण रोज सगळ्यांच्या देखत मागे थांबायचा कंटाळा आला,’ असे तो हसत हसत म्हणाला. त्याच्या हसण्याला मी त्या वेळी काही उत्तर देऊ शकलो नाही.

आता दुसरी बाजू पाहा. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मी स्वतः महाविद्यालयात होतो, तेव्हा माझीही फी माफ होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी जी सवलत सुरू झाली आणि जिला आम्ही सगळे ‘ई.बी.सी.’ म्हणत असू, तिच्या आधाराने खेड्यापाड्यांतील माझी सारी पिढी शिकली. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून आणावयाचा आणि त्याच खिडकीवर द्यावयाचा, एवढेच काम. माझ्यासारखे वर्गात अर्धेअधिक होते. परंतु ई.बी.सी.वाल्यांनी मागे थांबावे असे कोणी कधी म्हणाले नाही, आणि मला कोणी ‘फ्रीवाला’ म्हटले नाही. पैसा एकाच तिजोरीतून आला, खिडकी एकच होती. मग एका सवलतीला नाव चिकटले आणि दुसरीला चिकटले नाही, असे का झाले? उत्तर उघड आहे. पहिली सवलत उत्पन्नावर होती आणि उत्पन्न बदलते. दुसरी जातीवर होती आणि जात बदलत नाही असे आपला समाज धरून चालतो. कलंक सवलतीचा नव्हताच. तो आधीपासून होता. सवलतीच्या यादीने त्याला वर्गात जाहीरपणे वाचून दाखवण्याची सोय करून दिली.

ओळख ही माणसाच्या मनातून उगवते असे अलीकडे पुष्कळ सांगितले जाते. आपल्या किनाऱ्याचा अनुभव वेगळा आहे. अलिबागेत इस्रायल आळी आहे. तेथील बेने इस्रायल लोक घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना आसपासचे लोक ‘शनवार तेली’ म्हणत. किहीमचे ते किहीमकर, नवगावचे ते नवगावकर, रोह्याचे ते रोहेकर झाले. यांतील आडनाव गावावरून आले आणि तेली हे नाव धंद्यावरून शेजाऱ्यांनी दिले. नाव शेजाऱ्यांनी ठेवले तरी त्याने त्यांच्यासाठी विहीर बंद झाली नाही किंवा शाळेचा ओटा वेगळा झाला नाही. कातकऱ्याचे नाव काताच्या धंद्यावरून पडले. तो धंदा कधीच गेला, पण नावाबरोबर चिकटलेले अंतर गेले नाही. तेव्हा ‘तू कोण?’ हा प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर मिळाल्यावर तो काय करतो, यावर सारे अवलंबून आहे. महाविद्यालयात हा प्रश्न खिडकीवर विचारला जातो.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. अनुदानित महाविद्यालयात मान्य अध्यापकांचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन शासन देते. महाविद्यालयाच्या खर्चात वेतनाचा वाटा सर्वांत मोठा असतो. पदवीच्या वर्गातील विद्यार्थी जी फी भरतो, तीत त्याच्या शिक्षणाचा खरा खर्च कधीच भागत नाही. तिचा मोठा हिस्सा सार्वजनिक तिजोरीतूनच येतो. म्हणजे फी भरणारा डॉक्टरांचा मुलगा आणि फी माफ असलेली कातकऱ्याची मुलगी हे दोघेही सवलतीवरच शिकत आहेत. फरक आहे तो थोड्या अंशाचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा विचार केला तर हे अधिकच स्पष्ट होते. अलिबागेत २०२१ साली असे महाविद्यालय सुरू झाले. तेथे डॉक्टर होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यावर, मग तो कोणत्याही जातीचा असो, समाज जो खर्च करतो तो कला शाखेच्या विद्यार्थ्यावरील खर्चाच्या अनेक पटींनी अधिक असतो. त्या विद्यार्थ्याला ‘फ्रीवाला’ कोणी म्हणत नाही.

आणि ही तिजोरी भरतो कोण? महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात हाच हिशेब होता. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो, हे त्यांनी परक्या सरकारच्या तोंडावर सांगितले. आज सारा जाऊन वस्तूंवरील कर आले आहेत. वीटभट्टीवरचे कातकरी जोडपे साबणाची वडी घेते, तेव्हा त्या वडीवरचा कर बंगल्यातील माणूस भरतो त्याच दराने ते भरते. त्या मुलीचे आईबाप आयकर भरत नसतील. पण कर भरीत नाहीत असे म्हणणे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात नापास होण्यासारखे आहे. तेव्हा तिला माझे उत्तर असे, की बाई, तू कोणाचे वेगळे देणे लागत नाहीस. आम्ही सगळे जेवढे लागतो तेवढेच तू लागतेस, आणि कदाचित थोडे कमी.

कमी का, तेही सांगितले पाहिजे. शिक्षणाची किंमत म्हणजे फी, हा आपला मध्यमवर्गीय समज आहे. गरिबाच्या घरी शिक्षणाची खरी किंमत म्हणजे शिकणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी. अर्थशास्त्रात तिला संधी खर्च म्हणतात. रायगडातील कातकरी कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. भट्टीवर कामाचा हिशेब माणसामागे नसतो, जोडीमागे असतो. त्यामुळे घरातील हाताशी आलेले प्रत्येक मूल उचल फेडण्यासाठी लागते. आता विद्यापीठाचे वेळापत्रक समोर ठेवा. दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होते आणि उन्हाळ्यात परीक्षेने संपते. म्हणजे भट्टीचा हंगाम आणि महाविद्यालयाचे सत्र एकावर एक बसतात. ही मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आईबापांबरोबर भट्टीवर गेली, विटा वाहिल्या, आणि तीन आठवडे उशिरा परत आली. उपस्थितीच्या यादीत तिचे नाव पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेले. खुलासा विचारला तेव्हा तिने ‘आजारी होते’ असे लिहून दिले. कारण खरे कारण लिहिण्यासाठी त्या छापील अर्जात जागा नव्हती.

याच्या बदल्यात समाज काय देतो? अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे आणि नंतर ती आदिवासींना लागू झाली. जातींसाठीच्या योजनेच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार साध्या पदवीच्या वर्गाला घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला ३,००० रुपये ठरला. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे ज्या भत्त्याबद्दल सरकारचे जावई म्हणून मुलांना टोमणे ऐकावे लागतात, तो वर्षाचा भत्ता रोजगार हमीच्या दहा दिवसांच्या मजुरीइतका आहे. त्यासाठी तिने घरची सहा महिन्यांची मजुरी सोडावयाची! या व्यवहारात कोण कोणाला सवलत देत आहे, ते वाचकांनीच ठरवावे.

एवढे करून हे पैसे हाती पडण्यापूर्वी कागद लागतात. आदिवासी असल्याचा दाखला आणि पुढे त्याची पडताळणी व्हावयाची, तर कुटुंबाच्या वास्तव्याचा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. ज्याच्या आजोबांचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला हा पुरावा अर्ध्या दिवसात मिळतो. ज्याचा आजोबा शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही आणि ज्याची वाडीच दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहे, त्याने १९५० चा कागद कोठून आणावयाचा? मांडवा, आवास, किहीमच्या पट्ट्यात मुंबईच्या धनिकांनी बंगल्यांसाठी जमिनी घेतल्या. खाजगी जमिनीचे खरेदीखत होते तेव्हा त्या जमिनीवरची वाडी खताच्या कागदावर नसते. जो कागदावर कधी नव्हताच त्याच्याकडे जुना कागद मागणे, ही आपल्या प्रशासनाची न्यायाची कल्पना आहे.

येथे आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले होते. पण पाण्याला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्याच्या काठावर गेले, तेव्हा तो ठराव पाण्यापर्यंत पोहोचला. त्यानंतरही उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षांहून अधिक काळ गेला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात दलितांची घरे जळाली. ठराव करणे आणि तो अमलात येणे यांतील हे अंतर हाच आपल्याकडील सामाजिक न्यायाचा खरा प्रश्न आहे. शिष्यवृत्तीचा शासन निर्णय म्हणजे ठराव. कार्यालयाची खिडकी म्हणजे तळ्याचा काठ.

हे अंतर जीवघेणेही ठरू शकते. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी आत्महत्या केली, तेव्हा त्याचे विद्यावेतन कित्येक महिने अडकलेले होते. त्याच्या मृत्यूनंतर वाद चालला तो त्याच्या जातीच्या दाखल्यावर. जळगावच्या आदिवासी कुटुंबातील डॉ. पायल तडवी हिने २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. या दोघांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, यांनी २०१९ साली मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. उच्च शिक्षणातील भेदभाव रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच विनियम केले होते. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले होते. ठराव होता. माझ्या उर्वरित सेवाकाळात असा अधिकारी कोण, हे मला एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. आणि खरे सांगावयाचे तर मीही विद्यार्थ्यांना सांगितले नाही.

आता आपल्यापैकी काही ज्येष्ठ मित्र म्हणतील, की प्राध्यापक महाशय, हा सारा जातीचा विचार झाला. जात काढली की वर्ग फुटतो, आणि गरिबी गेली की जात आपोआप जाईल. हा युक्तिवाद मी तरुणपणी स्वतः हिरिरीने केलेला आहे. त्याला उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. अलिबागेहून चरी गाव किती लांब आहे? २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी खोतांची जमीन कसणार नाही असे ठरवले आणि १९३९ पर्यंत तो शब्द पाळला. सहा पावसाळे शेते ओसाड राहिली. त्या संपाच्या ऐन भरात, डिसेंबर १९३४ मध्ये, डॉ. आंबेडकर चरीला शेतकऱ्यांच्या परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनीच मुंबई विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. महाडचे तळे आणि चरीचे शेत हे ज्यांना दोन वेगळे प्रश्न वाटत नव्हते, अशी माणसे या जिल्ह्यात होती. महाडच्या परिषदेसाठी राबलेले अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस हे जन्माने अस्पृश्य नव्हते; तळ्यावर जाण्यासाठी त्यांनी आधी गरिबी नष्ट होण्याची वाट पाहिली नाही.

माझे आजोबा त्या संपातील एक कूळ होते. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ मालक मानले गेले, आणि आमच्या घरी सातबारा आला. त्या सातबाऱ्याच्या जोरावर वडील शिकले, ई.बी.सी.च्या जोरावर मी प्राध्यापक झालो. ही चळवळीची पुण्याई आहे. ती मी कधी नाकारणार नाही. परंतु कूळकायद्याने जमीन दिली ती कुळाला, आणि कातकरी बहुधा कूळ नव्हताच. तो बांधावरचा मजूर होता, रानातला कोळसेवाला होता. खोत गेला तेव्हा त्याचा धनी बदलला, एवढेच. आम्ही कुळांची मुले ज्या बाकांवर बसून शिकलो, त्या बाकांपर्यंत तो येण्यास आणखी दोन पिढ्या लागल्या. आणि तो आला तेव्हा त्याला ‘फ्रीवाला’ म्हणणाऱ्यांत आमची नातवंडे होती. वर्ग जातीने फुटतो हे खरे आहे. पण जात काढणाऱ्याने तो फुटत नाही. ती सोसणाऱ्याकडे पाठ फिरवणाऱ्याने तो फुटतो.

अशा स्थितीत काय करावे, हे आपल्या पूर्वजांना आपल्यापेक्षा अधिक नीट कळले होते. राजर्षी शाहू महाराजांनी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याची आज्ञा काढली ती २६ जुलै १९०२ रोजी. पण कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले ते १९०१ साली. आधी वसतिगृह, मग राखीव जागा! खेड्यातील मूल शहरात टिकले नाही तर राखीव जागा रिकामी राहणार, हा साधा हिशेब त्यामागे होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. कोणते मूल कोणत्या निधीवर शिकते हे पंगतीत कळत नसे. ज्या काळात राज्याकडे पैसा नव्हता त्या काळात हे झाले.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे मी चार साध्या गोष्टी ठेवतो. मोर्चा काढावा लागला तर काढूच, पण या कामांना मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, वर्गात जातवार यादी वाचण्याची प्रथा आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयात बंद झाली पाहिजे. ज्याच्या त्याच्या हाती चिठ्ठी देण्यास किंवा मोबाइलवर निरोप धाडण्यास एक पैसा खर्च येत नाही. दुसरी, दाखल्यांचे काम प्रवेशाच्या गर्दीत नव्हे, तर कुटुंबे वाडीवर असतात त्या पावसाळ्याच्या दिवसांत वाडीवर जाऊन झाले पाहिजे. जन्मनोंदी आणि शाळेचे जुने दाखले धुंडाळण्यासाठी लिहिता-वाचता येणारा एक माणूस तालुक्याला चार चकरा मारील, तर एक मूल शिकेल. तिसरी, शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची कल्पना शासनाने मान्य केलेली आहे. महाविद्यालयीन मुलांसाठीही दसऱ्यापूर्वी निवास आणि जेवणाची सोय हाती आली पाहिजे, आणि निर्वाह भत्ता महिन्याच्या महिन्याला मिळाला पाहिजे. परीक्षा संपल्यावर खात्यात जमा होणारा भत्ता हा निर्वाहाचा भत्ता नव्हे. चौथी गोष्ट आपल्या स्वतःसंबंधी आहे. आपल्या अभ्यासवर्गांत कातकरी वाडीवरचे किती तरुण बसतात आणि त्यांतील किती बोलतात? ते बोलू लागले तर भाषेचे गुण कापणारे आपणच असू, ही भीती मला माझ्या गुणपत्रकाने दिली आहे.

त्या निबंधाची एक प्रत मी स्पर्धेच्या आयोजकांकडून मागून घेतली आणि प्राचार्यांच्या मार्फत त्या मुलीला उत्तर धाडले. तिने विचारलेला हिशेब त्यात मांडला आहे आणि स्पर्धेचा निकाल देताना माझी चूक झाली, हेही लिहिले आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही. आईबाप भट्टीवर आहेत आणि परीक्षा जवळ आली आहे. जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील, खिडकीपुढे रांग लागेल, आणि हातात कागदांची पिशवी घेतलेली काही मुले रांगेच्या शेवटी उभी राहतील. त्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी खिडकीजवळच्या बाकावर दिवसभर बसून राहिले पाहिजे. मी अलिबागेत बसणार आहे. इतर तालुक्यांतील मित्रांनी आपापली जागा घ्यावी.